वर जर्मन, वधू पुण्याची, नोंदणी डेन्मार्कची: एक प्रकरण अभ्यास

मुलगी पुण्याची, वय एकतीस, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पीएचडी करणारी, विद्यापीठात अर्धवेळ पगारी जागेवर. मुलगा जर्मन, इंजिनिअर, पहिलं लग्न घटस्फोटाने संपलेलं. दोघं आधीपासून एकत्र राहत होती. पुण्यात आईवडिलांनी डिसेंबरचा मुहूर्त धरून कार्यालय घेऊन ठेवलं होतं. कायदेशीर लग्न मात्र ३१ डिसेंबरच्या आत व्हायलाच हवं, असा मुलाचा आग्रह होता आणि त्याचं कारण रोखठोक होतं. जर्मनीत नवराबायकोला आयकर एकत्रित भरता येतो आणि एकाचा पगार मोठा, दुसऱ्याचा छोटा असेल तर त्यात बरीच बचत होते. लग्न वर्षाच्या शेवटच्या दिवशी झालं तरी सवलत पूर्ण वर्षाची मिळते.

एक खुलासा करते. ही हकीकत कुणा एका जोडप्याची नाही. परदेशातल्या लग्नांच्या कागदपत्रांबद्दल मी सल्ला देते, आणि अशा फायलींमध्ये जे हमखास समोर येतं ते एका जोडप्यात गोळा करून मांडलं आहे. कायदे आणि अटी मात्र खऱ्या आहेत.

मे महिन्यात दोघं आपल्या शहरातल्या स्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेली. मुलाचं काम सोपं होतं: जन्मनोंदीचा उतारा आणि घटस्फोटाचा निकाल. फक्त निकालावर तो अंतिम झाल्याचा न्यायालयाचा शेरा हवा. हा शेरा नसलेली प्रत घेऊन जाणारे बरेच असतात आणि परत येतात. मुलीच्या हातात मात्र यादी पडली, आणि त्या यादीतल्या एका ओळीने पुढचे सगळे महिने खाल्ले.

जर्मन नागरी संहितेच्या कलम १३०९ नुसार परदेशी नागरिकाने आपल्या मायदेशातल्या अधिकाऱ्याकडून विवाहक्षमतेचा दाखला आणायचा असतो. आमच्या कायद्याप्रमाणे हिच्या लग्नाला कसलीही आडकाठी नाही, एवढंच त्यात लिहिलेलं हवं. मुलीने घरी फोन केला. बाबा म्हणाले, "त्यात काय, तहसीलदारांकडून घेऊ. नाहीतर तिथली आपली वकिलात देईलच की."

तहसीलदार असा दाखला देऊ शकत नाहीत. वकिलातीचा चालत नाही, कारण कलमाला मायदेशातलाच अधिकारी अभिप्रेत आहे. आणि भारतात असा अधिकारीच नाही. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, आपली व्यवस्थाच तशी आहे. आपल्याकडे लग्नं हिंदू विवाह कायद्याखाली होतात, विशेष विवाह कायद्याखाली होतात, मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी समाजांच्या आपापल्या कायद्यांखाली होतात. नोंदणी वेगवेगळ्या कार्यालयांत होते आणि पुष्कळ लग्नांची होतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितलं, तरी देशभराची अशी एक नोंदवही नाही की जी उघडून कुणी म्हणेल, "हिचं नाव यात नाही, सबब ही अविवाहित." म्हणून आपण प्रतिज्ञापत्र करतो. मी अविवाहित आहे असं मीच शपथेवर सांगते, नोटरी शिक्का मारतो. जर्मन यंत्रणा नोंदवहीवर चालते, आपली शपथेवर. परदेशातल्या लग्नाची फाइल अडते ती बहुतेक याच सांध्यावर. कागद किती गोळा केले याने फारसा फरक पडत नाही. लग्न कुठे करायचं हे ठरवताना एकच विचारावं: तो देश आपली शपथ मानतो का?

जर्मन कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. ज्या देशांत असा दाखला मिळतच नाही, तिथल्या नागरिकांना प्रांतिक उच्च न्यायालयाचे अध्यक्ष या अटीतून सूट देऊ शकतात. अर्ज स्टान्डेसआम्टमार्फतच जातो. सूट सहा महिनेच टिकते, तेवढ्यात लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सूट द्यायची तर मुलगी खरंच कोण आहे आणि अविवाहित आहे का, हे न्यायालयाला पटायला हवं. त्यासाठी मागितले ते जन्मदाखला, पासपोर्ट, तिचं आणि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, आणि या सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर.

जन्मदाखल्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

मुलीचा जन्म नव्वदच्या दशकातला, पुण्यातल्या एका खाजगी प्रसूतिगृहातला. नोंद वेळेवर झालेली, ही मोठी जमेची बाजू, कारण उशिरा केलेल्या नोंदीकडे परदेशी कार्यालयं संशयाने पाहतात. पण नोंदीत बाळाचं नावच नव्हतं. लिंग, तारीख, आईबापांची नावं एवढंच. बारशाआधी प्रसूतिगृहाने कळवलेल्या नोंदी अशाच असायच्या आणि नंतर नाव घालायला कुणी गेलं नाही. शाळेत प्रवेश मिळाला, दहावीचं प्रमाणपत्र आलं, पासपोर्टही निघाला, त्यामुळे हा रकाना रिकामा आहे हे घरात कुणाच्या ध्यानातही नव्हतं. बाळाचं नाव नंतर घालण्याची सोय कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ नुसार ते करता येतं. जुन्या नोंदींसाठीची मुदत महाराष्ट्रात वेळोवेळी वाढवून मिळालेली आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचा अर्ज घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात काम झालं.

खरा घोळ आईच्या नावाचा निघाला. लग्नात सासरच्यांनी त्यांचं नाव बदललं होतं, तांदळात अंगठीने लिहून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आजोबांनी फॉर्म भरला आणि सवयीने लेकीचं माहेरचं नाव लिहिलं. म्हणजे जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, आईच्या आधारवर दुसरं, आणि मुलीच्या पासपोर्टमध्ये आईच्या रकान्यात तिसरं, कारण तिथे स्पेलिंगही वेगळं. आपल्याला यात काहीच खटकत नाही, अर्ध्या महाराष्ट्राच्या आयांची दोन नावं असतात. जर्मन अधिकाऱ्याला मात्र त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. वर मुलीच्या नावातला मधला शब्द हे वडिलांचं नाव, तिचं दुसरं नाव नव्हे, हेही तिथे समजावून सांगावं लागतं. बाबांचा वैताग समजण्यासारखा होता: "मॅडम, तीस वर्षं संसार केला, आता कागदावर सिद्ध करायचं की ही माझीच बायको?" उपाय असा झाला की आईच्या लग्नाची नोंद, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र आणि माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला हे तिन्ही कागद तयार ठेवले. जन्मनोंद दुरुस्त करण्याचा मोह मी टाळायला लावला. जुनी नोंद जशीच्या तशी आणि सोबत नावबदलाचा पुरावा, हे तपासणाऱ्याला पटतं. लग्नाच्या तोंडावर बदललेली नोंद पाहून तोच माणूस भुवया उंचावतो.

ऑगस्ट उजाडला. दरम्यान बाबांनी एका एजंटला गाठून प्रतिज्ञापत्रावर नोटरी, मंत्रालयातलं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का, असे तिन्ही टप्पे करून घेतले होते. अपॉस्टिलची सरकारी फी ५० रुपये, एजंटचं बिल त्याच्या कितीतरी पट. आणि जर्मनीच्या कामी हे अपॉस्टिल शून्य उपयोगाचं. भारत अपॉस्टिलच्या हेग करारात २००५ मध्ये सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली आणि ती अजून मागे घेतलेली नाही. त्यामुळे या दोन देशांपुरता करार लागूच होत नाही. भारतीय कागदांवर शिक्का मारून ते खरे ठरवण्याचं काम भारतातल्या जर्मन वकिलातींनीही केव्हाच थांबवलं आहे. त्याऐवजी जर्मनीतलं कार्यालय वकिलातीला कागद पाठवतं, वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकडून इथे चौकशी करवते. हा माणूस महापालिकेत नोंदवही पाहतो, प्रसूतिगृहात आणि शाळेत जातो, शेजाऱ्यांकडेही विचारपूस करतो. याचा खर्च काहीशे युरो, तो अर्जदाराच्या माथी, आणि वेळ काही महिने. सोसायटीत कुणी अनोळखी माणूस मुलीच्या लग्नाबद्दल विचारत फिरतोय असं कानावर आलं की आईवडील घाबरतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं.

हिशेब केला. तपासणी, मग न्यायालयाची सूट, मग तारीख. डिसेंबर गाठणं अवघड होतं.

घरच्यांनी मग दुसरे दोन रस्ते सुचवले. दोन्ही ऐकायला सोपे, प्रत्यक्षात बंद.

पहिला, जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत लग्न. परदेशी विवाह अधिनियम १९६९ खाली वकिलातीतला विवाह अधिकारी लग्न लावू शकतो, जोडप्यात एक जरी भारतीय नागरिक असला तरी. पण जर्मन कायद्यानुसार जर्मनीच्या भूमीवरचं लग्न स्टान्डेसआम्टमध्येच व्हायला हवं. परदेशी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लग्न करण्याची मुभा आहे ती दोघांपैकी एकही जर्मन नसेल तेव्हाच. इथे नवरदेवच जर्मन, म्हणजे असं लग्न जर्मनीच्या दृष्टीने झालंच नाही. शिवाय आपल्या अधिनियमाचं कलम ११ सांगतं की स्थानिक कायद्याने मनाई असेल तर विवाह अधिकारी लग्न लावायला नकार देऊ शकतो. हीच मुलगी जर्मनीत राहणाऱ्या फ्रेंच मुलाशी लग्न करणार असती तर हा रस्ता तपासून पाहण्याजोगा होता.

दुसरा, पुण्यातच कायदेशीर लग्न. मुलगा हिंदू नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायदा लागू नाही. हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात नुसत्या हिंदू विधीने झालेलं लग्न त्या कायद्याखाली वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणीतरी "शुद्धी करून घ्या, तासाभराचं काम" असाही सल्ला दिला. कागदापुरता धर्म बदलणं मला कधीच पटलेलं नाही, आणि त्या मुलालाही नाही पटलं. राहिला विशेष विवाह कायदा, १९५४. त्याच्या कलम ५ नुसार नोटीस देण्याआधी वधूवरांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं हवं, आणि नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं. "आम्ही इथेच राहतो की," बाबा म्हणाले. पण मुक्काम वधूवरांचा मोजतात, आईवडिलांचा नाही. एवढी रजा दोघांनाही नव्हती. आणि गंमत पाहा, या रस्त्यावर मुलाला विवाहक्षमतेचा दाखला लागला असता. तो जर्मनी आपल्या नागरिकांना देते, पण देण्याआधी होणाऱ्या बायकोचे कागदही तपासते. म्हणजे तोच जन्मदाखला पुन्हा त्याच टेबलावर.

सप्टेंबरमध्ये मुलानेच डेन्मार्कचं नाव काढलं. जर्मनीत राहणाऱ्या मिश्र जोडप्यांना हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सीमेलगतचं ट्योनर हे गाव आणि एरो हे बेट यासाठी प्रसिद्धच आहेत. आईच्या मनात आलं की हे पळून जाऊन लग्न करण्यासारखं तर नाही ना. नाही. डेन्मार्क परदेशी जोडप्यांची लग्नं रीतसर लावतो, फक्त तो परदेशी नागरिकाकडून विवाहक्षमतेचा दाखला मागत नाही.

पण म्हणून तिथे तपासणी नाही असा समज करून घेऊ नये. २०१९ पासून हे अर्ज गावोगावच्या नगरपालिकांऐवजी एकाच ठिकाणी, फामिलीरेट्सहूसेट या सरकारी कुटुंबविषयक संस्थेत तपासले जातात. व्हिसासाठी केलेली खोटी लग्नं रोखणं हा त्यामागचा उघड हेतू. अर्ज ऑनलाइन, शुल्क २०१९ मध्ये १,६५० डॅनिश क्रोनर होतं, अर्ज करताना चालू दर पाहावा. दोघांचे पासपोर्ट, तिचा जर्मन निवास परवाना, त्याचा घटस्फोटाचा अंतिम निकाल, आणि नातं खरं असल्याचे पुरावे. इथे दोघांनी फ्लॅटचा दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र प्रवासाची तिकिटं आणि फोटो जोडले. जर्मन रहिवासी नोंदणीचा, वैवाहिक स्थिती दाखवणारा दाखलाही जोडला. तो काढताना मुलीच्या नोंदीत स्थिती 'अज्ञात' निघाली. जर्मनीत पहिल्यांदा पत्ता नोंदवताना पुरावा नसला की कारकून असं लिहून मोकळा होतो आणि नवख्या विद्यार्थ्याला ते वाचताच येत नाही. ते 'अविवाहित' करून घ्यायला वेगळी फेरी पडली, आणि तेव्हा नाव घातलेला जन्मदाखला आणि तिचं ते प्रतिज्ञापत्र हेच कामी आले. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने आपल्या नोंदणीत या रकान्यात काय लिहिलंय हे आजच पाहून घ्यावं, लग्न ठरलेलं असो वा नसो.

कागद पूर्ण असले की निर्णयाला साधारण पाच कामकाजाचे दिवस लागतात. मिळालेलं प्रमाणपत्र चार महिने चालतं आणि ते दाखवून देशातल्या कुठल्याही नगरपालिकेत तारीख घेता येते. जर्मन निवास परवान्यावर डेन्मार्कला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. ऑक्टोबरात दोघं ट्योनरला गेली, मूळ कागद दाखवले, दोन साक्षीदार नगरपालिकेनेच दिले, आणि समारंभ इंग्रजीत उरकला. पुण्याची मंडळी व्हिडिओ कॉलवर होती. आईने तिकडून हात वर करून अक्षता टाकल्या, हा भाग कुठल्याच कायद्यात बसत नाही.

तिथलं विवाह प्रमाणपत्र अनेक भाषांत असतं, इंग्रजी आणि जर्मन दोन्ही त्यात आल्या, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचला. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०१९ पासून अशा नागरी कागदांना सदस्य देशांत अपॉस्टिल लागत नाही. तरीही डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल घ्यायला मी सांगितलं, कारण कागद भारतात वापरायचा होता. डेन्मार्क आणि भारत यांच्यात हेग करार लागू आहे. लग्न जर्मनीत झालं असतं तर जर्मन प्रमाणपत्राला अपॉस्टिल लावून भागलं नसतं, ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागलं असतं. थोडक्यात, डेन्मार्कचा कागद पुण्यात जर्मन कागदापेक्षा सोप्या वाटेने पोहोचतो.

डिसेंबरात पुण्यात अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं साग्रसंगीत झालं. नवरदेवाला फेटा शोभलाही. आणि त्याच संध्याकाळी या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण आला. कार्यालयाच्या व्यवस्थापकाने नेहमीच्या सौजन्याने बाबांच्या हातात विवाहनोंदणीचा फॉर्म ठेवला. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाहनोंदणी कायद्याखालचा, गुरुजींची सही, साक्षीदार, लग्नपत्रिका जोडायची. बाबा भरायलाच बसले होते.

त्या फॉर्मवर लग्नाची तारीख येते आणि लग्नाच्या वेळची वैवाहिक स्थितीही. डिसेंबरची तारीख टाकून मुलीपुढे 'अविवाहित' लिहिलं असतं तर ते सरकारी कागदावरचं खोटं विधान झालं असतं, कारण कायद्याने ती ऑक्टोबरातच विवाहित झाली होती. शिवाय एकाच लग्नाच्या दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं तयार झाली असती. पुढे पासपोर्ट, निवास परवाना, मुलांची जन्मनोंद, वारसाहक्क, कुठेतरी ही दोन प्रमाणपत्रं समोरासमोर येतातच, आणि मग कुठलं लग्न खरं हे समजावत बसावं लागतं. मला फोन वेळेवर आला, फॉर्म कोराच राहिला. घरच्यांनी लग्नाचा वाढदिवस साजरा करावा तो डिसेंबरचा, कागदावर लिहावी ती तारीख ऑक्टोबरचीच, असं ठरलं.

पुढची कामं सुरू आहेत. मुलीने आडनाव बदललेलं नाही. १ मे २०२५ पासून जर्मनीत नाव ठेवण्याचे नियम सैल झाले आहेत, दोघांची आडनावं जोडून लावायची सोयही आहे. पण आडनाव बदलणं म्हणजे पासपोर्टपासून पदवीपर्यंत सगळं पुन्हा, आणि आईच्या तीन नावांचा अनुभव ताजा होता. पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घालायचा अर्ज ती वकिलातीत करणार आहे. परदेशी विवाह अधिनियमाच्या कलम १७ खाली या डॅनिश लग्नाची भारतीय नोंद करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. कारण मुलाला पुढेमागे ओसीआय कार्ड ('ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', परदेशी नागरिकाला मिळणारं) हवं असेल तर नागरिकत्व कायदा म्हणतो की भारतीय नागरिकाशी झालेलं लग्न नोंदणीकृत आणि अर्जाआधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. ही नोंद आपल्या हद्दीतल्या वकिलातीत होईल की डेन्मार्कमधल्या, हे आधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

जर्मन विवाह नोंदवहीतही हे लग्न चढवून घेता येतं, नवरा जर्मन असल्यामुळे. सक्ती नाही, पण मूल होईल तेव्हा उपयोग होतो. त्या अर्जासोबत मुलीचा जन्मदाखला मागतात. तो आता तयार आहे, नावासकट, आणि आईच्या दोन नावांचे पुरावे त्याच फोल्डरमध्ये आहेत. बाबांनी महापालिकेतून जादा प्रती काढून ठेवल्या आहेत. धाकट्या मुलाच्या दाखल्यावर नाव आहे का, हेही त्यांनी त्याच फेरीत बघून घेतलं. नव्हतं.